नायलॉन पानी पेते, बाप्पा! लेथवर प्लास्टिकचा जॉब बिघडतो कुठे?

(या भागाचं हे शब्दांकन. लेथचा आवाज आणि मधले चहाचे ब्रेक गाळले आहेत. काकांची वऱ्हाडी मात्र तशीच ठेवली आहे, ती काढली तर अर्धी मजा जाईल.)

आजचा भाग रेकॉर्ड होतोय किन्हीराजात. वाशीम जिल्हा, मालेगाव तालुका. पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना लेथ, एक ड्रिल मशीन, एक वेल्डिंग सेट आणि आपले पाहुणे. त्यांनी नाव सांगू नको म्हणून बजावलंय, तेव्हा आपण त्यांना काकाच म्हणू. काका चाळीसेक वर्षं टर्निंग करतायत. पितळ, गनमेटल, एमएस, कास्ट आयर्न सगळं झालं. पण आजचा विषय आहे प्लास्टिक. नायलॉन, डेलरिन, टेफ्लॉन, एचडी, ॲक्रेलिक. कापायला लोण्यासारखं आणि मापात ठेवायला महाकठीण.

सुरुवात एका फजितीपासून करतो. ती काकांचीच आहे, आणि सांगायची परवानगी त्यांनीच दिली आहे.

ऑक्टोबरातला हडंबा

गेल्या हंगामात गावाजवळच्या एका शेतात सोयाबीन कापून सुडी लावली होती. आभाळ भरून आलेलं. हडंबा, म्हणजे सोयाबीन काढायचं मळणीयंत्र, ट्रॅक्टरला जोडून चालू केला. अर्ध्या तासात पट्टा सरकायला लागला, जळका वास आला आणि चाळणी हलवणारा शाफ्ट जाम. हाताने हलेना. शेवटी बुश हॅकसॉ ब्लेडने चिरून काढावा लागला. त्यात दुपार गेली. रात्री पाऊस आला आणि उरलेली अर्धी सुडी भिजली.

तो बुश काकांनी एप्रिलमध्ये केला होता. नायलॉनचा.

मी: काका, माप चुकलं होतं का?

काका: नाही ना बाप्पा! माप बरोबर होतं. पंचवीसचा शाफ्ट, मी बोअर दिला २५.०५. गनमेटलले देतो तसाच. शाफ्ट कसा गुळगुळीत फिरत होता. म्या सोता फिरवून पाह्यला.

मी: मग नायलॉन कशाला लावला? गनमेटल होतं ना आधी?

काका: हडंब्यात धूळ किती असते! ग्रीस लावलं का त्याले कुटार चिकटते, मंग तेच शाफ्ट खाते. नायलॉनले ग्रीस नाही लागत. इचार बरोबर होता. माप लोखंडाच्या डोक्यानं घेतलं, तेवढं चुकलं.

या एका वाक्यात आजचा सगळा भाग आला. प्लास्टिकचे बहुतेक जॉब बिघडतात ते हात चुकल्यामुळे नाही, तर आपण त्याला लोखंड समजतो म्हणून. लोखंडाचं माप कापून झालं की झालं. प्लास्टिकचं माप कापताना उष्णतेने बदलतं, चकमधून काढल्यावर दाब सुटला की बदलतं, आणि पावसाळ्यात पाण्याने बदलतं. एकेक घेऊ.

पहिली भानगड: उष्णता जाते कुठे?

स्टील कापताना तयार होणारी बरीचशी उष्णता चिपबरोबर निघून जाते, थोडी जॉबमध्ये पसरते. नायलॉन स्टीलच्या साधारण दोनशेव्या भागाइतकीच उष्णता वाहून नेतो. म्हणजे टूलच्या टोकाशी जी गरमी झाली, ती तिथेच बसून राहते. आणि वितळायला फार काही लागत नाही. एचडी १३० अंशांच्या आसपास, डेलरिन १७० च्या आसपास, नायलॉन ६ साधारण २२० अंशांना वितळतो. पीव्हीसी तर ८० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतो.

म्हणून काय दिसतं? जॉबवर चमकदार, लिबलिबीत थर येतो. चिप टूलला चिकटते. फिनिश लोण्यावर उलटी सुरी फिरवल्यासारखं होतं. आणि नवीन माणूस काय करतो? 'हळू कापू या' म्हणून फीड कमी करतो.

काका: तिथंच तर मरते. फीड कमी केलं का टूल कापत नाही, घासते. घासलं का गरम होते. घास मोठा घ्यावा लागते.

अगदी. चाळीस मिमीच्या नायलॉन रॉडला साधारण १००० आरपीएम आणि एका फेऱ्याला ०.२ मिमीच्या आसपास फीड, इथून सुरुवात करा. शेवटच्या कटला ०.०५ मिमी खोली ठेवू नका, टूल नुसतं वरून सरकतं. ०.३ ते ०.५ मिमी राखून एकाच स्वच्छ कटमध्ये माप गाठा.

आणि टूल. मिश्रधातूवर वापरलेलं कार्बाइड इन्सर्ट काढून तेच नायलॉनला लावायचं नाही. त्याची धार आपल्याला तीक्ष्ण वाटली तरी ती मुद्दाम किंचित बोथट केलेली असते, स्टीलचा मार सोसायला. प्लास्टिकला हवं ताजं घासलेलं एचएसएस, वरचा उतार आणि खालची सूट दोन्ही भरपूर, आणि धारेचा वरचा भाग ऑइलस्टोनने आरशासारखा केलेला. ॲल्युमिनियमसाठी मिळणारे पॉलिश केलेले इन्सर्टही चालतात. काका नखाची परीक्षा करतात. टूल नखावर हलकं टेकवलं आणि घसरलं, तर परत घासायला. नखात रुतलं पाहिजे.

चिपचं काय? नायलॉनची चिप तुटत नाही. लांबच लांब तार निघते, जॉबला गुंडाळते, जॉब आणखी गरम करते आणि फिनिशवर ओरखडे पाडते. हवेचा झोत त्या तारेवर मारा, तार बाहेर फेकली जाते आणि जॉबही गार राहतो. अधूनमधून फीड क्षणभर सोडलं तर तार तुटते. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, चालू मशीनवर तार हाताने ओढायची नाही. नायलॉनची तार स्टीलसारखी तुटत नाही, ती बोटाला गुंडाळून बोटच आत ओढते. मशीन बंद, मग आकडा घालून काढा.

दुसरी भानगड: चकने आवळलं की आकार बदलतो

नायलॉन स्टीलपेक्षा साधारण साठ-सत्तर पट लवचिक. तीन जबड्यांच्या चकमध्ये लोखंडासारखा कचकचून आवळला, तर पातळ भिंतीचा बुश तीन ठिकाणी दबतो. तशाच अवस्थेत तुम्ही बोअर गोल करता. चकमध्ये मोजलं तर गोल. चक सोडला की दाबलेल्या जागा परत बाहेर येतात आणि बोअर होतो तीन कोपऱ्यांचा.

उपाय महाग नाही. जॉबच्या बाहेरच्या मापाची एमएसची एक रिंग करा, तिला एका बाजूने चीर द्या, ती जॉबवर चढवून मग चक आवळा. दाब सगळीकडून सारखा बसतो. बोअर आधी, बाहेरचं फिनिश मागाहून मँड्रेलवर, हा क्रमही बराच वाचवतो. आणि जॉब घट्ट धरून ठेवला म्हणजे चांगला धरला, हा समज सोडा. सरकणार नाही एवढंच.

लांब रॉड असेल तर टेलस्टॉकचा आधार द्या, पण फिरतं सेंटर लावा आणि मधूनमधून सैल करा. तीनशे मिमीचा नायलॉन रॉड २० अंशांनी तापला तर तो जवळपास अर्धा मिमी लांब होतो. सेंटर घट्ट राहिलं, तर त्या रॉडला जायला जागाच नाही. मग तो मधून धनुष्यासारखा वाकतो आणि आपण म्हणतो टेपर आलं.

तिसरी भानगड: माप कधी घ्यायचं?

नायलॉन तापल्यावर स्टीलच्या सात-आठ पट पसरतो. हिशेब करून बघू. पंचवीस मिमीचा बोअर, कापताना जॉब हवेपेक्षा ३० अंशांनी तापला. तर बोअर साधारण ०.०७ मिमी मोठा दिसतो. तुम्ही २५.०५ वाचलं, खूश झालात. जॉब गार झाल्यावर तो २४.९८ आहे. शाफ्ट जाणारच नाही.

काका: आता मी गरम जॉबले माप लावतच नाही. चहा पेतो, येतो, मंग लावतो.

काकांची चहाची पद्धत शास्त्राला धरून आहे. आणखी चांगली पद्धत म्हणजे दोन दिवसांची. पहिल्या दिवशी प्रत्येक बाजूला एक-दीड मिमी राखून खरबडीत कापा आणि रात्रभर ठेवा. रॉड बनवताना आतमध्ये जे ताण अडकलेले असतात, ते वरचं कातडं गेल्यावर सुटतात आणि जॉब थोडा हलतो. त्याला हलू द्या. दुसऱ्या दिवशी फिनिश. मोठ्या जाडीच्या पट्टीला हे फारच लागू. एकाच बाजूने सगळं कापलं तर ती पापडासारखी वर उचलते, म्हणून दोन्ही बाजूंनी आलटून पालटून थोडं थोडं घ्या.

मे महिन्यातली दुपार आणि डिसेंबरातली सकाळ यांच्यातला फरकही मोजायचा. विदर्भात पत्र्याच्या शेडमध्ये काय होतं ते सांगायला नको. टेफ्लॉनवाल्यांनी तर जास्तच सावध राहावं, कारण टेफ्लॉनची आतली रचना १९ अंशांच्या आसपास बदलते आणि त्याचं आकारमान एकदम एक टक्क्याच्या आसपास वाढतं. थंडीत सकाळी केलेला सील दुपारी वेगळाच निघतो तो यामुळे. फिनिश करताना आणि मोजताना शेड १९ च्या वर गेली आहे ना, एवढं बघा.

चौथी भानगड: पाणी. हडंब्याचा खरा गुन्हेगार

आता आपल्या बुशकडे येऊ. एप्रिलमध्ये आपल्याकडची हवा कोरडी ठणठणीत. त्या हवेत पडलेला नायलॉनही कोरडा. काकांनी त्यात बरोबर बोअर दिला. मग जून ते सप्टेंबर हडंबा शेडमध्ये उभा, हवा दमट. नायलॉन ६ हवेतलं पाणी ओढत राहतो. मध्यम दमट हवेत वजनाच्या अडीच-तीन टक्के, आणि पाण्यात बुडवून ठेवला तर नऊ टक्क्यांच्या आसपास. पाणी ओढलं की फुगतो.

काका: लाकडाचं दार पावसाळ्यात फुगते ना, तसंच. नायलॉन पानी पेते बाप्पा! हे मले आधी कोनी सांगितलं नव्हतं.

समजा तो लांबीत एक टक्का फुगला. बुशचं बाहेरचं माप ३५, आतलं २५, भिंत ५ मिमी. बाहेरून लोखंडी घर, त्यामुळे बाहेर फुगायला जागा नाही. सगळं फुगणं आत वळतं. हिशेब केला तर बोअर जवळपास ०.२४ मिमीने लहान होतो. आपण ठेवली होती ०.०५ ची ढील. शाफ्ट जाम होणारच होता, फक्त तारीख ठरायची होती.

यावर चार उपाय आहेत, आणि काकांनी चारही करून पाहिलेत.

एक, नायलॉनच्या जागी डेलरिन. तो मध्यम दमट हवेत जेमतेम ०.२ टक्के पाणी घेतो. महाग पडतो, पण नेमकं माप लागतं तिथे तोच. पाण्यातच काम असेल आणि भार कमी असेल तर एचडी, तो पाणी जवळपास घेतच नाही.

दोन, ढील जास्त. शाफ्टच्या व्यासाच्या साधारण ०.४ ते ०.५ टक्के ढील फक्त फिरण्यासाठी, म्हणजे २५ ला ०.१ मिमीच्या वर, आणि त्यात फुगण्याची भर वेगळी. शिवाय बुश घरात ठोकून बसवला की जेवढा जास्त ठेवलाय जवळपास तेवढाच बोअर आवळतो. म्हणून शेवटचं माप बुश घरात बसवल्यानंतर घ्या, आधी नाही.

तीन, चीर. बुशला लांबीत तिरकी चीर द्या. हिशेबाने फुगल्यावर घेर जवळपास एक मिमी वाढतो, तेव्हा चीर दीड मिमी रुंद ठेवली की घेराचं वाढणं त्या चिरेत जातं. मग बोअर फक्त भिंतीच्या जाडीपुरता, ०.१ मिमीच्या आसपास आवळतो. तिरकी अशासाठी की शाफ्टचा भार कधीच पूर्ण चिरेवर येऊ नये.

चार, आधीच पाणी पाजणे. खरबडीत कापलेला बुश उकळत्या पाण्यात काही तास ठेवायचा, म्हणजे तो आपल्यासमोरच फुगून घेतो. मग गार करून, बाहेरचा ओलावा पुसून फिनिश. पाणी पुरेसं प्यायला की नाही कसं कळणार? काका सोनाराच्या काट्यावर वजन करतात. खरबडीत बुश ३२ ग्रॅमचा होता, ३३ झाला की समजा साधारण तीन टक्के. आणि तयार बुश लगेच बसवा किंवा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा. एप्रिलच्या उन्हात उघडा ठेवला तर तो परत सुकतो आणि मग उलटा ढिला होतो.

भोक पाडताना फुटतं का?

आपल्या ऐकणाऱ्यांपैकी एका ताईंचा प्रश्न होता. त्यांचं बोर्ड आणि पाट्यांचं दुकान आहे. ॲक्रेलिकला भोक पाडलं की मागच्या बाजूने टवका उडतो, आणि कधी भोक नीट पडलं तरी दोन आठवड्यांनी त्याच्याभोवती बारीक केसांसारख्या भेगा येतात.

ताई, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टवका उडतो कारण साधं ड्रिल बाहेर पडताना ॲक्रेलिकला स्क्रूसारखं ओढतं. ड्रिलच्या दोन्ही धारांचं तोंड दगडावर किंचित चपटं करा, म्हणजे ते ओढणार नाही, खरवडेल. खाली लाकडाची फळी घट्ट दाबून ठेवा. आणि ड्रिल एका दमात आत घालू नका, चिमणी दाणे टिपते तसं आत-बाहेर करत न्या. साबणाच्या पाण्याचे थेंब टाकत राहा.

मागाहून येणाऱ्या भेगा ताणाच्या आहेत. भोक पाडताना काठ तापला, ताण आत अडकला, आणि वरून तुम्ही तो थिनरने किंवा स्पिरिटने पुसला. ताण असलेलं ॲक्रेलिक आणि थिनर एकत्र आलं की भेगा ठरलेल्या. तेव्हा फक्त साबण-पाणी. पॉलिकार्बोनेटलाही हाच नियम, आणि त्याच्यावर कटिंग ऑइलही टाकू नका.

जाड नायलॉन रॉडमध्ये मोठं ड्रिल एकदम ढकललं तर रॉड आतल्या गरमीने उभा चिरतो, कधी आवाज होऊन. आधी लहान भोक, मग बोरिंग टूल. वेळ लागतो, पण रॉडचे पैसे वाचतात.

हातात आहे ते नक्की काय आहे?

भंगारातून आणलेल्या पांढऱ्या रॉडवर नाव नसतं. नायलॉन, डेलरिन, एचडी, टेफ्लॉन सगळेच पांढरे. मग वरचे सगळे हिशेब कुणाला लावायचे? काकांकडे याला एक बादली आहे, आणि किलोभर मीठ.

काका: तुकडा पान्यात टाकायचा. तरंगला तं एचडी. बुडाला तं मिठाच्या पान्यात टाकायचा.

मिठाचं पाणी अगदी गच्च हवं, लिटरला ३५० ग्रॅम मीठ. त्याची घनता साधारण १.२ होते. नायलॉनची १.१४, म्हणून तो त्यात तरंगतो. डेलरिन १.४१, तो बुडतोच. टेफ्लॉन २.२, तो हातात घेतल्यावरच जड लागतो. एकच फसगत आहे. काळा, काच भरलेला नायलॉन मिठाच्या पाण्यातही बुडतो. पण त्याने टूलची धार लगेच जाते, त्यावरून कळतं.

जाळून ओळखायची पद्धतही आहे, पण मी ती टाळायला सांगेन. डेलरिनची ज्योत उजेडात दिसत नाही, विझली समजून हात जातो. त्याचा धूर डोळ्यात झोंबतो, तो फॉर्मल्डिहाइड. पीव्हीसीच्या धुरात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते फुप्फुसालाही खातं आणि लेथच्या बेडलाही.

आणि हे नीट ऐका. टेफ्लॉनचा कीस हाताला, खिशाला लागलेला असताना बिडी पेटवू नका. बिडीच्या टोकाशी टेफ्लॉन जळतो आणि काही तासांत थंडी वाजून ताप येतो, मलेरियासारखा. माणूस दवाखान्यात जातो आणि कुणाला कारण कळत नाही. टेफ्लॉन कापताना बिडी, सिगारेट, खर्रा सगळं शेडच्या बाहेर, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही.

शेवटी

मी: काका, त्या शेतकऱ्याचं पुढं काय झालं?

काका: नवा बुश फुकट करून देला. डेलरिनचा. पन त्याचं सोयाबीन भिजलं ते काही माझ्यानं वाळवून देता आलं नाही. त्याच्यापासून पाटीवर लिहून ठेवलं मी.

त्यांच्या लेथच्या मागे खरंच एक काळी पाटी आहे. त्यावर खडूने चार ओळी आहेत: कोनता माल? कुठं बसनार? पावसात का उन्हात? माप उद्या. गिऱ्हाईक आलं की आधी हे प्रश्न, मग चक. तुमच्या शेडमध्ये अशी पाटी नसेल तर आजच एक लावा, सोयाबीन निघायच्या आधी.

सिपेट ही प्लास्टिकचं शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था आहे, तिचं एक केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. आयटीआय करून पुढे प्लास्टिककडेच जायचं असेल त्या मुलांनी तिथले अभ्यासक्रम जरूर बघावेत. आणि तुमच्या शेडमधली फजिती असेल तर तीही पाठवा. नाव सांगणार नाही, काकांचं तरी कुठं सांगितलं!

भेटू पुढच्या भागात. तोवर टूल धारदार ठेवा, आणि जॉब गार झाल्याशिवाय व्हर्नियर उचलू नका.